रेडिओवरची सवत

मला सवत आहे, असं मी लग्नाच्या पहिल्या वर्षापासून सगळ्यांना सांगत आले. लोक दचकायचे. मग मी टेबलावरच्या रेडिओकडे बोट दाखवायची आणि आमचे हे कानापर्यंत लाल व्हायचे.

‘जेवता जेवता’ नावाचा कार्यक्रम होता. रोज दुपारी एक वाजता, जुनी गाणी, आणि ती लावणारी एक बाई. आवाज म्हणजे मधात वर आणखी साखर घातलेली. सुरुवातीला रोज तेच वाक्य, “श्रोतेहो, हात धुतलेत ना? मग बसा.” हे लिफ्ट दुरुस्त करायचे. उंच इमारतींच्या गच्चीवर लिफ्टच्या मशीनची खोली असते, तिथे ग्रीसच्या डब्याशेजारी ह्यांचा जेवणाचा डबा आणि छोटा रेडिओ. इतक्या उंचावर म्हणे आवाज फार स्वच्छ यायचा. बाईने ‘बसा’ म्हटल्याशिवाय डबा उघडायचा नाही. सुटीच्या दिवशी घरीही तेच. मी “वाढलंय, या” म्हणून घसा फोडायची, आणि हे ओले हात पुसत रेडिओसमोर उभे. मग मी मान वेळावून तिची नक्कल करायची, “श्रोतेहोऽ, हात धुतलेत नाऽ?” मुलगी पोट धरून हसायची. हे म्हणायचे, “अगं, हळू. तिला ऐकू जाईल.”

आणि रेडिओ मोठाच लावायचे, हे मी आजही सांगेन. मी घरी कपडे उसवून बेतात बसवून देते, पँटी आखूड करते, चेन बदलते. शिलाई मशीनची खडखड, वर त्या बाईचं गुळमुळीत बोलणं. “हे डबडं बंद करा, नाहीतर मी घर सोडून जाईन,” असं मी उठता बसता म्हणायची. गेले कुठे नाही. लोकांचे कपडे कोण शिवणार होतं?

मग ह्यांचं डोकं हळूहळू पुसलं जायला लागलं. आधी इमारतींचे पत्ते गेले, मग हत्यारांची नावं. मग मी. एका सकाळी मी चहा पुढे केला तर म्हणाले, “ठेवा, मावशी.” मुलीने कामाला कुणी बाई ठेवलीय अशी समजूत झाली होती. जन्मभर ‘अगं’ म्हणून हाक मारणाऱ्या माणसाने मला ‘ठेवा’ म्हटलं आणि मी मुकाट्याने चहा ठेवला. दुसरं काय करणार? नंतर मोरीत पाणी सोडून रडले, पाण्याचं बिल वाढलं एवढंच.

पण ती बाई मात्र लक्षात राहिली, बघा. मी ओळखीची राहिले नाही, सवत राहिली. एक वाजला की हात धुऊन यायचे, ‘बसा’ ऐकलं की बसायचे, आणि गाण्याच्या तालावर बोटं वाजवत सगळं ताट संपवायचे. डॉक्टर म्हणाले, जेवतायत ना, मग निम्मी लढाई जिंकलात. मला राग यायचा आणि जीवही भांड्यात पडायचा, दोन्ही एकदमच.

एक दिवस एक वाजला आणि रेडिओतून कुणीतरी तरणाबांड मुलगा ओरडायला लागला. मागे धाडधाड काहीतरी वाजत होतं. हे ओल्या हातांनी उभे राहिले. हात वाळले तरी उभेच. मी म्हटलं, “बसा हो.” ह्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ताट तसंच परत गेलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. रात्री जेमतेम दोन घास, तेही भुलवून.

मी स्टेशनला फोन केला. पलीकडची पोरगी म्हणाली, “आजी, मालक बदलले. जुनी गाणी आता कोण ऐकतं?” मी म्हटलं, “माझा नवरा ऐकतो. आणि त्याच्यावर जगतो.” ती “सॉरी हं” म्हणाली. त्या बाईंचा नंबर मागितला तर त्या निवृत्त झाल्या, नंबर देता येत नाही. मी काय तिच्या झिंज्या उपटणार होते? त्या दिवशी तर मी तिच्या पाया पडले असते.

मग सुरू झाली शोधाशोध. रेडिओच्या बटणाची कड माझ्या बोटाने झिजली असेल. या टोकापासून त्या टोकापर्यंत खरखर, मधे बातम्या, मधे गुडघेदुखीचं तेल. एका ठिकाणी ‘फक्त जुनी गाणी’ म्हणून ऐकलं आणि हरखून गेले, तर मुलगी कॉलेजला होती तेव्हाची गाणी. ती जुनी? ती तर परवाची! दुसऱ्या एका स्टेशनवर आमच्या काळातलं गाणं लागलं, पण त्यात कुणीतरी ढोल घुसवले होते. हे कान झाकून खोलीभर फिरले. मुलगी दुसऱ्या देशात असते. ती फोनवर म्हणाली, “आई, एक ॲप टाकून देते, त्यात जगभरची स्टेशनं आहेत.” जगभरची होती खरी. एका स्टेशनवर अस्सल जुनी गाणी आणि बोलणारा माणूसही बरा, पण आमचा एक वाजायचा तेव्हा त्याची पहाट. “शुभ प्रभात मंडळी” म्हणाला की हे उठून दात घासायला जायचे. मी हात टेकले.

शेवटी त्याच ॲपवर एक स्टेशन सापडलं. दिवसभर आमच्या काळातली गाणी, ढोल नाहीत, जाहिराती नाहीत. बोलणारंच कुणी नाही, एकामागून एक नुसती गाणी. होडीचं ते गाणं लागलं, जे ऐकलं की हे डोळे मिटायचे, तेच. डोळे मिटलेही. बोटं टेबलावर वाजायला लागली. मी घाईघाईने ताट आणलं. ह्यांनी डोळे उघडले आणि रेडिओकडे बघत उभेच राहिले. बाई बोलली नव्हती ना.

डॉक्टरांनी वजन केलं आणि चष्मा काढून ठेवला. डॉक्टर चष्मा काढतात तेव्हा मला घाम फुटतो. “असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. आणि नळी ते ओढून काढणार. मग हात बांधावे लागतात,” म्हणाले. ज्या हातांनी शंभर माणसांचा जीव टांगणारे दोर ओवले, ते हात पलंगाला बांधायचे! मी घरी आले ती तिरीमिरीत.

ताट वाढलं, म्हटलं, “जेवा.” ह्यांनी ताट सरकवलं. “अहो, जेवा ना,” म्हटलं. पुन्हा सरकवलं. मग माझी सटकलीच. स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली आणि तिथूनच, निव्वळ चिडून, मान वेळावून ओरडले, “श्रोतेहोऽ, हात धुतलेत ना? मग बसा!”

बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग चमच्याचा.

मी ओट्याला धरून उभी राहिले. आधी हसले. मग तोंडावर फडकं दाबून इतकी रडले की उचकी लागली, आणि उचकीही दाबली, कारण ते जेवत होते.

आमच्या स्वयंपाकघराच्या आणि बाहेरच्या खोलीच्या मधल्या भिंतीत ताटं द्यायला एक खिडकी आहे. रेडिओ मी तिथे आणून ठेवला आणि मागे पडदा शिवून टाकला. रेडिओ नुसता दिवा लागण्यापुरता चालू, आवाज बंद. गाणी पडद्यामागच्या माझ्या फोनवर, आणि बाई म्हणजे मी. नाक दाबणं, मान वेळावणं सगळं सोडलं आणि तिचा आवाज मनापासून लावायला शिकले. एकदा ह्यांनी रेडिओचं बटण फिरवलं तेव्हा मी घाबरून फोनवरचं गाणं झटकन बंद केलं. तेव्हापासून फोनवरचं बोट काढायचं नाही, कानाला खडा.

हे जेवायला लागले. गालांवर मांस आलं. मुलगी म्हणाली, “आई, तू कमाल आहेस.” कमाल कसली डोंबलाची. हे आता रेडिओशी बोलायला लागले होते. “ताई, आज भात छान झालाय,” म्हणायचे. “ताई, घरी एक मावशी आहेत. फार कडकड करतात, पण हाताला चव आहे.” मी पडद्यामागे ऐकायची. ताई उत्तर देत नसे, पुढचं गाणं लावत असे. संध्याकाळी मी शेजारी बसले की अवघडून पाय जवळ घ्यायचे, परक्या बाईजवळ घेतात तसे. ज्या माणसाला मी वाचवत होते त्याच्या आयुष्यात मला पडद्यामागेच तेवढी जागा होती.

परवा मी एका गिऱ्हाईकाच्या पँटीची शिवण उसवत बसले होते. हे शेजारी येऊन उभे राहिले.

“मावशी, तुम्हाला फोन लावता येतो?”

“येतो की.”

“त्या ताईंना लावा. मला हल्ली नीट बोलायला सुचत नाही. म्हणावं, ते होडीचं गाणं लावा. माझ्या बायकोसाठी.”

माझा हात तिथेच थांबला. “काय झालं तुमच्या बायकोला?”

“गेली.” चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “रागावून गेली. रेडिओ मोठा लावायचो ना मी. म्हणायचीच, जाईन म्हणून. मला वाटायचं, नुसतं म्हणतेय. तोंडाने फटकळ आहे हो, पण तिच्यासारखी नाही.”

मी म्हटलं, “अहो, मीच आहे ती. इकडे बघा. कुठेही गेले नाही मी.”

ह्यांनी बघितलं. एखादं माणूस भलतंच बोलून गेलं की सभ्य माणसं बघतात तसं. मग म्हणाले, “ताईंना सांगा, तिच्यापर्यंत पोचवा. म्हणावं, ये. रेडिओ बंद करतो. कायमचा. तू ये फक्त.”

मी बाहेर जाऊन फोन लावला तो मुलीला. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “ती फर्माईश वाच ना आई. वाच, आणि मग दारातून आत ये. कदाचित ओळखतील.” त्या ‘कदाचित’ने माझं डोकं फिरवलं. ह्यांनी पहिल्या बढतीला मला घेतलेला निळा कोट माळ्यावरून काढला. बटणं लागेनात. मग शिवणी उसवल्या, बाजूला पट्ट्या जोडल्या. आयुष्यभर लोकांचे कपडे बेतात बसवले, तसा स्वतःचा जुना कोट स्वतःला बसवला. केस तेव्हासारखे मागे बांधले. आरशात बघून स्वतःलाच म्हटलं, म्हातारे, शोभत नाही हे. तरी बांधले.

एक वाजता पडद्यामागे बसले. “श्रोतेहो, हात धुतलेत ना? मग बसा. आज एक फर्माईश आली आहे. लिफ्टचं काम करणारे आपले एक जुने श्रोते आहेत, त्यांच्याकडून. त्यांच्या पत्नीसाठी.” इथपर्यंत मध बरोबर ओघळला. “ते म्हणतात, जिथे असशील तिथून ये. ते म्हणतात, रेडिओ...” पुढे आवाज माझाच निघाला, चिरका आणि फटकळ. “रेडिओ बंद करतो म्हणतात. ऐकतेयस ना तू?”

गाणं लावलं, फोन तिथेच ठेवला आणि मागच्या दाराने जिन्यात आले. पुढच्या दाराशी जाऊन घंटी वाजवली.

चपला घासत आल्या. घाईने. दार उघडलं, आणि ह्यांचं तोंड असं उजळलेलं होतं की लग्नातसुद्धा तसं नव्हतं. ते तोंड मी बघितलं. ते माझ्यासाठीच होतं. मग त्यांची नजर माझ्यावर ठरली, कोटावरून फिरली, आणि माझ्या खांद्यावरून मागे लिफ्टकडे गेली.

“मावशी, लिफ्टमध्ये कुणी दिसलं का हो?”

“नाही,” मी म्हटलं.

“मग अडकली असेल. जुनी झालीय लिफ्ट. येईल.” आणि लगबगीने आत वळले. “आधी रेडिओ बंद केला पाहिजे.”

माझ्या लक्षात येईपर्यंत ह्यांनी बटण फिरवलं होतं. दिवा विझला, पण होडीचं गाणं चालूच. पुन्हा फिरवलं. गाणं चालूच. “बंद होत नाहीये!” ओरडले. “मावशी, ती येतेय, तिला ऐकू जाईल, बंद करा!” मी कोटासकट स्वयंपाकघरात धावले आणि फोन बंद केला. बाहेर हे भिंतीला टेकून हुंदके देत होते.

त्या दिवशी ताट परत गेलं. काल मी पुन्हा पडद्यामागे बसले. रेडिओचा दिवा लावला, गाणं तयार ठेवलं, घसा साफ केला.

“श्रोतेहो, हात धुतलेत ना?”

हे रेडिओजवळ आले. पडद्यातून मला त्यांची बोटं दिसली, ओली, स्वच्छ धुतलेली. “ताई, माफ करा,” हळूच म्हणाले. “इतकी वर्षं तुम्ही जेवू घातलंत. पण बायको यायचीय, आणि मी शब्द दिलाय.”

खट्. दिवा विझला. ‘मग बसा’ माझ्या तोंडात आलेलं होतं. पण रेडिओ बंद होता, मला बोलता येईना.

हे खुर्ची घेऊन दाराशी जाऊन बसले, लिफ्टचा आवाज ऐकत. डॉक्टरांना मी कळवलंय. नळीसाठी ते सोमवारी या म्हणाले. आज मी ताट तिथेच घेऊन गेले, ह्यांच्या मांडीवर ठेवलं, हात जोडले. ह्यांनी ताट दोन्ही हातांनी उचललं आणि आदबीने मला परत दिलं.

“तुम्ही जेवून घ्या, मावशी,” म्हणाले. “ती आली की आम्ही दोघं बसू.”