अर्धा गुण

आमच्या घरात नियम असा, की उत्तर बरोबर असलं तरी आधार सांगता आला पाहिजे. आधार नसेल तर अर्धा गुण. नियम बाबांचा. एकतीस वर्षं ते एका दैनिकात मुद्रितशोधक होते आणि शेवटच्या पानावर रोज येणारे पाच प्रश्नही तेच काढायचे. इतिहास, हवामान, संगीत, झेंडे, कविता. प्रश्न ते कार्डांवर लिहायचे, प्रत्येक विषयाच्या कार्डांचा रंग वेगळा. पुढे प्रश्न, मागे उत्तर आणि खाली बारीक अक्षरात आधार: पुस्तक, पान, ओळ.

सात वर्षांची असताना मी म्हणाले, नेपाळचा झेंडा चौकोनी नसतो. "आधार?" बाबांनी विचारलं. मी नकाशांचं पुस्तक आणायला धावले आणि कपाटाचा कोपरा भुवईत घुसला. तीन टाके पडले. घरी आल्यावर त्यांनी मला पूर्ण गुण दिला.

राग चटकन चढतो म्हणून घरातलं माझं नाव पारा. पुढे मी हवामान केंद्रात लागले, तेव्हा बाबा येईल त्याला सांगायचे, "नाव आधी ठेवलंय बरं का, नोकरी नंतर लागली."

गेल्या वर्षापासून ते विसरायला लागले. आधी किल्ल्या, मग वार, मग पेटवलेला गॅस.

"तू कामावर गेलीस की दिवसभर ते एकटे," दादा फोनवर म्हणाला. तो दुसऱ्या शहरात असतो. त्याने वृद्धांच्या एका संस्थेत खोली बघून ठेवली होती. "एक दिवस घर पेटेल, मग बस तापमान मोजत."

"डोकं शाबूत आहे त्यांचं. दहा कार्डं काढून विचार, तुझीच दांडी गुल होईल."

"माझी शाळेतही व्हायची. डॉक्टरांची चाचणी होऊ दे. तीसपैकी चोवीसच्या वर आले, तर मी खोलीचं नाव काढणार नाही."

चाचणीचे प्रश्न मला ठाऊक होते. मागच्या खेपेला मी शेजारीच बसले होते. मी करड्या रंगाची कार्डं आणली आणि सहावा विषय सुरू केला: घर. आपण कितव्या मजल्यावर राहतो? लक्षात ठेवायचे तीन शब्द कोणते? (चेंडू, खिडकी, घोडा.) घरी बरोबर कोण असतं? वाराचं कार्ड मी रोज सकाळी नवं लिहायचे.

आमच्या केंद्रात एक जण पर्जन्यमापकापर्यंत न जाताच नोंदवहीत आकडे भरायचा. त्याची लेखी तक्रार मीच केली होती. कार्डं लिहिताना मला तो आठवला नाही.

तीन आठवडे रोज चहानंतर आम्ही बसलो. पाच जुनी कार्डं, पाच करडी.

"चौदा ओळींची कविता?"

"सुनीत."

"सुट्या अक्षरांच्या खिळ्यांची छपाई पहिली कुठे?"

"चीन. खिळे मातीचे. अकरावं शतक." हे सांगताना ते अजूनही स्वतःच तो शोध लावल्यासारखे खूश व्हायचे.

"मजला?"

"तिसरा."

ते भराभर शिकले. या तीन आठवड्यांत त्यांनी मला एकदाही हाक मारली नाही. ते मला दिसत होतं. मी त्याची नोंद केली नाही.

चाचणीच्या दिवशी त्यांनी शर्टाच्या खिशाला पेन लावलं. डॉक्टरबाई तरुण होत्या, आवाज शांत. बाबांनी वार सांगितला, महिना सांगितला, शंभरातून सात-सात वजा केले. तीन शब्द तर त्या बोलायच्या आतच म्हणून टाकले. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे.

"सत्तावीस," त्या म्हणाल्या. "छान, आजोबा. घरी कोण असतं बरोबर?"

"मुलगी. घरातलं नाव पारा. नोकरी हवामान केंद्रात. उजव्या भुवईवर व्रण." एका दमात म्हणून झाल्यावर ते माझ्याकडे झुकले. "बाई, आधार विचारतील का हो? नाहीतर अर्धाच गुण मिळायचा."

माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "काय आहे आधार?"

"करड्या कार्डावर लिहिलंय. आणखी काही सापडलं नाही."

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. "आजोबा, पारा आत्ता कुठे आहे?"

त्यांनी विचार केला. खरंच केला, कपाळाची शीर दिसायला लागली. "हा प्रश्न संचात नव्हता," ते म्हणाले. "माहीत नाही. मी अंदाज लावत नसतो."

हवेचा दाब उतरत असताना काटा बोटाने वर धरून ठेवावा, तसं मी तीन आठवडे केलं होतं.

"हे गुण धरू नका," मी म्हणाले. "मी शिकवलंय त्यांना."

डॉक्टरबाईंनी कागदावर आडवी रेघ मारली. दिवसा यांना एकटं ठेवू नका, एवढंच बोलल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाबांना बाहेर बाकावर बसवून मी दादाला फोन केला आणि सगळं सांगितलं. मी सांगितलं नव्हतं का, हे वाक्य ऐकायची तयारी ठेवली होती.

"तुलासुद्धा ओळखलं नाही?" त्याने विचारलं. मग म्हणाला, "खोली अजून आहे. मी येतो. एकटीने सामान भरायला घेऊ नकोस."

परत आले, तेव्हा बाबा बाकावर बसून औषधाच्या चिठ्ठीमागे काहीतरी लिहीत होते. त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. जुनंच बारीक, सरळ अक्षर: पारा आत्ता कुठे आहे?

"प्रश्न चांगला आहे," ते म्हणाले. "उत्तर तुम्ही शोधा. तुम्हाला सवय दिसतेय."

"इथेच आहे ती, बाबा."

"आधार?"

मी चष्मा काढला, केस मागे सारले आणि उजवी भुवई त्यांच्यासमोर धरली. त्यांनी बघितलं. मुद्रितं तपासायचे तसं, डोकं किंचित तिरपं करून, अगदी जवळून. अंगठा उचलून व्रणावरून एकदा फिरवला.

"व्रण बरोबर आहे," ते म्हणाले. "पण असा व्रण कुणालाही असू शकतो." माझा चेहरा बघून असेल, त्यांना वाईट वाटलं. पेनाचं टोपण काढून त्यांनी प्रश्नाखाली लिहिलं.

"अर्धा देतो," ते म्हणाले.