पेल्कीबाईंचं टेबल

आमच्या गावच्या धावण्याच्या शर्यतीत स्फोट झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही गुन्हेगार शोधून मोकळे झालो होतो. आम्ही म्हणजे इंटरनेटवरच्या एका गटातली चार हजार माणसं, सगळी टोपणनावांची. मी 'ससाणा'. एरवी ॲल्डरफोर्डमध्ये लोकांचे फ्रिज दुरुस्त करतो.

खोटं कशाला बोलू, माणसं जिवापाड राबत होती. कुणी बूट जुळवत होतं, कुणी पिशव्यांचे पट्टे. गावातली तीन माणसं गेली होती, म्हणून आम्ही डोळ्यांत तेल घालून गर्दीतला चेहरा न् चेहरा बघत होतो.

त्यात मला एक पोरगा सापडला. दोन वाजून पाच मिनिटांच्या फोटोत तो पुलाजवळ, पाठीवर फुगलेली काळी सॅक. दुसऱ्या कुणाच्या फोनवरच्या अडीचच्या फोटोत शेवटच्या रेषेपाशी, पाठ मोकळी. दोन चाळीसला तिथेच स्फोट. मी त्याच्याभोवती लाल गोल काढला. तासाभरात कुणीतरी नाव शोधलं, योनास हाबतेमारियम, वय एकोणीस. मग पत्ता. मग त्याच्या घराच्या काचा फुटल्या.

तेवढ्यात 'संत्रीवाली' नावाने कुणीतरी लिहिलं, "पुलाजवळचा फोटो दोन पाचचा नाही, तीन पाचचा आहे. मागे कुंपणाला टेकवलेलं टेबल माझं. दरवर्षी त्यावरून मी धावणाऱ्यांना संत्र्याच्या फोडी देते. स्फोटानंतर पोलिसांनी शर्यत थांबवली, तेव्हाच मी ते मिटलं."

"आजी, तुम्ही संत्री कापा, आमचं डोकं नको," एकाने टोला हाणला.

"पोराची मावशी दिसतेय!" दुसरा.

मीही शहाणपणा केला. "फोटोवर वेळ छापलीय, बाई."

"कॅमेरा फोनचा की साधा? मार्चमध्ये आपण घड्याळं तासभर पुढे केली, तेव्हा त्याचं कुणी केलं होतं का?"

इथे उन्हाळ्यापुरती सगळी घड्याळं तासभर पुढे करतात. फोनचं घड्याळ आपोआप पुढे जातं, साध्या कॅमेऱ्याचं हाताने करावं लागतं. चार हजारांत एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं.

पण या लोकांचं मला खरंच कौतुक आहे. टोला हाणणाऱ्यानेच त्या कॅमेऱ्याचा आणखी एक फोटो हुडकला. मागे चर्चचं घड्याळ होतं. फोटोवर एक दहा, चर्चवर दोन दहा. म्हणजे स्फोटानंतर पंचवीस मिनिटांनीही सॅक योनासच्या पाठीवर होती. मग कळलं, त्याची आई शर्यतीत धावत होती. धावणाऱ्यांचं सामान ठेवलेल्या बसमधून तिची सॅक उचलून तो तिला शोधत पुलाकडे गेला होता.

आम्ही चूक कबूल केली, पण लाल गोल गावभर फिरला होता. त्याच्या दारात माणसं जमतच होती. टोपणनावाचं कोण ऐकणार?

तेव्हा संत्रीवालीने लिहिलं, "मी बर्निस पेल्की, वय एकाहत्तर, १४ ब्रिज स्ट्रीट. टेबल अंगणात मांडलंय. ज्याला ओरडायचंय त्याने त्या पोराच्या नाही, माझ्या दारात यावं."

पत्ता कळला की काय होतं, ते आम्हीच नुकतं दाखवलं होतं. तरी बाईने लिहिला. लोक आले, वार्ताहरही आले, आणि तिने प्रत्येकाला टेबल दाखवून तेच सांगितलं. संध्याकाळी योनासच्या दारातली गर्दी पांगली. चार दिवसांनी पोलिसांनी खरा गुन्हेगार धरला. आमच्या एकाही गोलात तो नव्हता.

गर्दी पांगली त्या संध्याकाळी मी पडद्यासमोर बसून होतो. लाज वाटत होती आणि भीतीही. शेवटी लिहिलं, "तो गोल मी काढला. रसेल डिनीन, ३१ हॉली स्ट्रीट."

सकाळी दार वाजलं. उघडलं तर समोर एक बुटकी म्हातारी, हातात संत्र्यांची पिशवी.

"तूच ना तो ससाणा?" ती म्हणाली. "हत्यारं घे. योनासच्या घराच्या काचा बसवायच्यात."