पान्ह्याच्या शिव्या

"सोड गो बाय पान्हा, सोड!" शकू शेळीच्या पाया पडायची तेवढी बाकी होती. चांदी मात्र रवंथ करीत गोठ्याच्या दाराकडं बघत उभी. दारात कोणी नव्हतं. वालाच्या शेतावरचं धुकं तेवढं आत येऊ की नको, असं करीत होतं.

ही चांदी शकूच्या सासूची, कृष्णाबाईची. पेणच्या रामवाडीतून एक संस्था आमच्या कोलाडकडच्या वाडीत आली, बायकांना शेळीपालन शिकवलं आणि शिकलेल्या बाईला दुधाची एकेक शेळी दिली. शिकवायला विमलबाई यायच्या. कास कोमट पाण्यानं पुसा, सड ओढू नका, मुठीत दाबा, आणि धार काढताना शेळीशी बोला. तिला आवाज कळतो. कृष्णाबाईनं सगळं पाळलं. बोलायला मात्र तिला एकच येत होतं, सुनेला शिव्या. रोज पहाटे हात चांदीच्या कासेला आणि तोंड शकूच्या दिशेला. "कुठं उलथलीस गो शके? चूल काय तुझा बापूस पेटवील?" आम्हा शेजाऱ्यांचं ते घड्याळ. चांदीला ती अंगाई वाटे. पहिल्या शिवीला पान्हा सुटे आणि शिव्या सरेपर्यंत तांब्या भरे.

पौषात कृष्णाबाई गेली आणि चांदीनं पान्हा चोरला.

शकूचं अंगावरचं दूध आटलेलं. तिची धाकटी आवडी चांदीच्याच दुधावर होती. पण संस्थेचा नियम असा, की जिला धार काढता येत नाही तिची शेळी गटातल्या पुढच्या बाईला. पुढची बाई मालू. त्या सकाळी विमलबाई बघायला यायच्या होत्या, तर मालू त्यांच्याआधी दावं घेऊन हजर.

"भेटायला आले हो, दुखवट्याचं घर," ती म्हणाली.

"दावं घेऊन?" मी विचारलं.

"रिकाम्या हातानं कसं यायचं, काका?"

विमलबाईंनी आधी स्वतः बसून पाहिलं. गूळ चारला. मोबाईलवर बासरी लावली. चांदीनं शांतपणे लेंड्या टाकल्या.

"शकू, प्रेमानं बोल तिच्याशी."

"बोलून बोलून घसा बसला, बाई. ती मना बघतच नाय. दाराकडं बघतेय."

सगळ्यांनी दाराकडं पाहिलं. परत पाहायचं कोणी नाव काढलं नाही.

"अजून एकदा बस," विमलबाई हळू आवाजात म्हणाल्या. "मग माझा नाइलाज आहे."

मालूनं दाव्याचा गुंडाळा उलगडला.

शकू बसली. तिला स्वतःचाच राग आला असावा. बसलेल्या घशातून घोगरं निघालं, "कुठं उलथलीस गो शके?"

चांदीचा रवंथ थांबला. कान उभे.

"चूल काय तुझा बापूस पेटवील? म्हशीवानी पडलीस ती!"

चर्र. पहिली धार तांब्यात.

आवाज शकूचा नव्हता. रातपाळी करून अंगणात शिरलेला तिचा नवरा पोपट, "आलो गो आये," असं बोलून गेला, आणि मग त्यानं तोंडावर हात ठेवला. मालूनं दावं पदराखाली घेतलं. शिव्या जुन्याच, जुन्याच क्रमानं चालल्या होत्या. तांब्यात फेस वर आला. आणि तोच घोगरा आवाज मध्येच खाली उतरला.

"दमलीस गो, शके? बस जराशी."

असं कृष्णाबाई जन्मात बोलली नव्हती.

शकूचे हात थांबले. चांदी बघत होती तिकडंच, दाराकडं, ती बघू लागली.

"ह्ये मी नाय बोलले," ती म्हणाली. हा आवाज तिचा होता.

चांदी शकूकडंच राहिली. मालूला पुढची शेळी मिळायची आहे. विमलबाई हल्ली शिकवताना 'प्रेमानं बोला' म्हणत नाहीत, नुसतं 'बोला' म्हणतात.

आमचं घड्याळ पुन्हा सुरू झालं आहे. फक्त ते आता लवकर थांबत नाही. काल मी कुंपणाशी गेलो, तर तांब्या काठोकाठ भरलेला, कास रिकामी, आणि शकू दाराकडं तोंड करून स्वतःला शिव्या देत बसलेली.

"अगो, दूध निघालं ना? मग आता कशाला?"

"थांबा हो काका," ती दबक्या आवाजात म्हणाली. "ते 'दमलीस गो' शिव्यांच्या मागून येतंय."