घंटाघरावर रोखलेला दिवा

मी एक जुना हॅलोजन दिवा आहे, मित्रांनो. स्लोव्हेनियातल्या एका टेकडीवर, चर्चच्या पायऱ्यांजवळ मला बसवलं. तार पुरायला अख्खं गाव कुदळ-फावडी घेऊन आलं होतं. मला पेटवलं आणि पांढरं चर्च दरीभर उठून दिसलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी फुशारलो, खोटं कशाला सांगू?

आमच्याकडे प्रत्येक टेकडीवर चर्च, आणि प्रत्येक गावाला दुसऱ्याच्या चर्चशी चुरस. पलीकडच्यांनी दोन दिवे लावले. मग भट्टीवाला लोव्रो आमच्या चर्चची देखभाल करणाऱ्या विन्कोला म्हणाला, "काय रे, तुझं चर्च आज उपाशी झोपलंय का? दिसतच नाही."

विन्कोला ते झोंबलं. त्यानं नट सैल करायचा पाना आणला आणि माझं तोंड थेट घंटाघरावर रोखलं.

घंटाघराच्या झरोक्यातून वटवाघळं ये-जा करत. त्यांची पोतंभर विष्ठा विन्को दर वर्षी माळ्यावरून झाडून द्राक्षवेलींना घाली. पुढच्या वर्षी निम्मं पोतंही भरलं नाही. त्याला वाटलं, बरं झालं, कंबर वाचली.

जुलैत नेवेन्का नावाची बाई वटवाघळं मोजायला आली. विन्को तिच्याबरोबर माळ्यावर गेला. परतला तेव्हा त्याच्या तळहातावर बोटाएवढं मेलेलं पिल्लू होतं. माझ्यासमोर उकिडवा बसून त्यानं ते पाहिलं.

"झरोक्यावर उजेड असला की आया बाहेर पडत नाहीत, काका," नेवेन्का म्हणाली. "अंधाराची वाट बघत बसतात. तोवर किडे उडून जातात. मग पोटात काही नाही, तर दूध कुठून येणार?"

"म्हणजे मी मारलं याला?"

"उजेड आभाळाकडे नको, झरोक्यावर तर नकोच, असा नियम आहे आपल्याकडे. गावात कुणी वाचला नाही, एवढंच."

"वर किती उरलीत?"

"मोठी चाळीसेक. पण असंच चाललं तर महिनाअखेर एकही पिल्लू राहणार नाही."

रविवारी प्रार्थनेनंतर पायऱ्यांवर वाद झाला. लोव्रो कुरकुरला, "पलीकडचे दात काढतील."

"काढू देत," विन्को म्हणाला. "दिवा मी वर केला, खालीही मीच करणार. आणि रात्री दहाला बंद."

त्यानं मला पायऱ्यांकडे वळवलं. तिन्हीसांजेला तो आणि लोव्रो कठड्यावर बसले. एक वटवाघूळ बाहेर आलं, मग दुसरं. विन्को मोठ्यानं मोजू लागला. एकतीसवर तो थांबला. बत्तीस लोव्रोनं म्हटलं.

मला फार लाज वाटली, आणि हलकंही वाटलं. आता मी पायऱ्या चढणाऱ्या म्हाताऱ्या पावलांपुरता जळतो. मित्रांनो, तुमच्या अंगणातल्या दिव्याचं तोंड कुठे आहे, एकदा बघून या. आम्हाला मान वळवता येत नाही, आणि आपलं आपण विझताही येत नाही.