विहिरीवरच्या ओवीचा फोटो

मागल्या दुष्काळात मुंजाबानं मेंढरं विकली आणि कन्नडकडचं गाव सोडून तो पडेगावात मुलाकडं राहायला आला. मुलगा रामेश्वर पाण्याचा टँकर चालवायचा. २०१६ च्या त्या उन्हाळ्यात त्याला धड बसून जेवायचीही सवड नव्हती. दिवसभर घरात दोघंच, म्हातारा आणि सून शालू. मुंजाबा दारातल्या ओट्यावर बसून कानावर हात ठेवायचा आणि मेंढरांमागं फिरताना म्हणायचा तशा ओव्या म्हणायचा. शालूनं त्या एकेक करून मोबाइलवर रेकॉर्ड केल्या. रामेश्वर टँकर चालवताना त्याच ऐकायचा.

सिनेमातलं गाणं लावलं की मोबाइलच्या पडद्यावर रंगीत फोटो यायचा. सासऱ्याची ओवी लावली की नुसता राखाडी चौकोन. शालूला ते काही बरं दिसेना. गाण्यावर फोटो बसवायचं एक ॲप तिनं शोधलं, नेटवरून चित्रं घेतली आणि सगळ्या ओव्यांवर बसवली. हिरवेगार डोंगर, पांढरीशुभ्र मेंढरं.

मोठ्या कौतुकानं तिनं ते सासऱ्याला दाखवलं.

"ही कुणाची मेंढरं?" मुंजाबानं विचारलं.

"नेटवरची हायेत, मामा. शोभेला लावली."

"आपल्याकडं इतकी पांढरी नसत्यात." त्यानं मोबाइल जरा लांब धरून पाहिला. "ही ओवी विहिरीवरची हाय, पोरी. दौलताबादच्या रस्त्याला आमचा मुक्काम पडायचा, तिथं जुळलेली. हितं विहीर कुठंय?"

"मग तिथलाच फोटो काढू की. त्यात काय!"

दोन दिवसांनी रामेश्वर रिकामा टँकर घेऊन भरायला निघाला होता. त्यानं दोघांना केबिनमध्ये बसवलं. मुंजाबा खिडकीतून डोकं बाहेर काढून किल्ल्याकडं बघत होता. जाग्यावरच्या खुणा सगळ्या गेल्या होत्या, किल्ला तेवढा होता तिथं होता. किल्ला कुठल्या अंगाला दिसतो त्यावरून म्हाताऱ्याचा अंदाज चालला होता. एका नव्या चार मजली इमारतीच्या फाटकासमोर मुंजाबा म्हणाला, "थांब. हितंच."

"आबा, इथं तर बिल्डिंग हाय."

"व्हय. पर हितंच."

शालू उतरली. कुठून काय काढावं तिला कळेना. तिनं फाटकाचा एक फोटो काढला, मागं वळून किल्ल्याचा काढला. तेवढ्यात वरच्या गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, "टँकर आला!"

मग धावपळच झाली. जिन्यावरून बायका उतरल्या, पोरं उतरली, बादल्या, हंडे, प्लॅस्टिकचे ड्रम. सगळ्यांत पुढं एक पन्नाशीची बाई होती. वेणी घालता घालता उठून आलेली असावी, केस तसेच मोकळे. तिनं टँकरवर थाप मारली आणि आवाजावरून तिला कळलं.

"रिकामा आहे? मग थांबलात कशाला?"

"बाई, जरा फोटो काढायला..." रामेश्वर म्हणाला.

"फोटो? चार दिवस झाले आम्हाला पाणी नाही, आणि तुम्ही रिकामा टँकर घेऊन फोटो काढता? थट्टा लावली का आमची?"

मुंजाबा कसाबसा केबिनमधून उतरला आणि त्यानं हात जोडले. "चुकलं, माय. हितं माझी मेंढरं बसायची. विहीर व्हती एक. तिचा फोटो पायजे व्हता."

"विहीर? इथं?" बाईनं मागं पार्किंगकडं पाहिलं. "मग बुजवली कशाला?"

पोरांनी बादल्या उचलल्या आणि लोक परत वर गेले.

घरी आल्यावर शालूनं फोटो उघडले. एक फाटकाचा, एक किल्ल्याचा, आणि एक गडबडीत बोट लागून निघालेला. त्यात ती मोकळ्या केसांची बाई तोंड उघडून धावत येत होती आणि तिच्या मागं हंडे, बादल्या, हातच हात.

"हा लाव," मुंजाबा म्हणाला.

"मामा, ह्यात विहीर नाय, मेंढरं नायत. भांडाय आलेल्या बाया हायेत नुसत्या."

"ती ओवी कशावर हाय, ठावं हाय का तुला? लाव बरं."

शालूनं लावली.

*मेंढरं पाणी प्याली, नको रागावू गं बाई,*
*उद्या उठंल मुक्काम, आमी थांबायाचं न्हाई.*

"आमी मेंढरं पाजली का विहीर तळाला जायची," मुंजाबा म्हणाला. "मग गावातल्या बाया हंडे घेऊन भांडाय यायच्या. त्यांचं खरंच व्हतं. आमाला उलटून बोलता येत नसायचं, म्हनून रातच्याला ती ओवी म्हणायचो."

शालूनं ती ओवी कितीदा ऐकली होती. त्यातली बाई कोण, हे विचारायचं तिला सुचलंच नव्हतं. तिनं हिरवा डोंगर काढला आणि बायकांचा फोटो बसवला.

पुढच्या आठवड्यात रामेश्वरची खेप त्याच इमारतीला लागली. भरला टँकर बघून मुंजाबा आपणहून केबिनमध्ये चढला, शालूही बसली. ड्रम भरेपर्यंत मुंजाबानं पाइप धरला. भांडलेली बाई, तिचं नाव भामाबाई, शेवटचा हंडा भरून घेत होती. तेव्हा शालूनं मोबाइल तिच्यापुढं धरला आणि ओवी लावली.

भामाबाईनं शेवटपर्यंत ऐकली. मग तिचं लक्ष फोटोकडं गेलं.

"अगं बाई! ही मी? केस बघ कसे! असा फोटो लावतात का गं?"

"मामांनीच निवडला," शालू म्हणाली.

भामाबाई मुंजाबाकडं बघत राहिली. "बाबा, तुम्हाला एवढी रागीट वाटले मी?"

"तहानलेल्या वाटल्या," मुंजाबा म्हणाला.

ती हसली. "तो असू द्या तर मग. पण एक चांगलाही काढा." तिनं केसांवर पाण्याचा हात फिरवला, पदर सारखा केला आणि भरल्या हंड्याशेजारी ताठ उभी राहिली. मुंजाबाला म्हणाली, "तुम्ही पण या." तो पाइप हातात घेऊनच उभा राहिला.

घरी आल्यावर कुठला फोटो ठेवायचा, याचा निकाल लागेना. शेवटी शालूनं ओवीची दुसरी प्रत केली. एकीवर धावणाऱ्या बाया, दुसरीवर भरला हंडा.

आता टँकरमध्ये ती ओवी लागोपाठ दोनदा वाजते. रामेश्वर कुरकुरतो, "आबा, एक काढून टाकू का?"

"राहू दे," मुंजाबा म्हणतो, आणि बाकीच्या ओव्या जिथं जुळल्या त्या जागा शालूला कधी दाखवायच्या, ते विचारतो.