ऑफिसच्या खोक्यावरची चांदणी

कारखाना बॅटऱ्यांचा, म्हणजे शिशाचा. दर सहा महिन्यांनी सगळ्यांच्या रक्तातलं शिसं तपासलं जायचं आणि त्या आकड्यांचे बॉक्सप्लॉट, म्हणजे खोक्यांचे आलेख, काढायचं काम ऑफिसातल्या आकडेवालीकडे असायचं. तिचा नवरा भट्टीवर. त्यामुळे लॅबची फाईल आली की हातातलं काम टाकून ती आधी तीच उघडायची.

सॉफ्टवेअरमध्ये तिनं एका रकान्यात शिसं निवडलं, दुसऱ्यात विभाग, आणि बटण दाबलं. चार विभागांची चार खोकी उभी राहिली. खोक्यात मधले निम्मे लोक, वर-खाली मिश्यांसारख्या रेघा, आणि मिश्यांच्याही फार पलीकडे कुणी गेलाच तर त्याची चांदणी. भट्टीचं खोकं सगळ्यांत वर होतं, पण त्यावर चांदणी एकही नव्हती. म्हणजे नवरा बाकीच्यांसारखाच. तिचा जीव भांड्यात पडला. अख्खं खोकंच वर चढलंय, हे तिनं बघून न बघितल्यासारखं केलं. स्वतःची समजूत काढण्यात माणूस भलताच पटाईत असतो!

चांदणी होती ती ऑफिसच्या खोक्यावर. ते बिचारं तळाला चिकटलेलं, आणि कितीतरी वर ही एकटीच. शेजारी आकडा: नऊ.

कार्ड नंबर नऊ म्हणजे शेजारच्या टेबलावरच्या मोठ्या बाई.

"बाई, तुम्ही कधी भट्टीकडे जाता का हो?"

"मी? गुडघे धड असते तर गेले असते की," बाई हसल्या. "का गं? तोंड का उतरलंय तुझं?"

"काही नाही," म्हणत ती यादीकडे वळली आणि चूक तिच्या लक्षात आली. सॉफ्टवेअर चांदणीला कार्ड नंबर देत नाही, ओळीचा नंबर देतं. आणि एरवी कार्डाप्रमाणे येणारी यादी लॅबनं या खेपेला वयाप्रमाणे लावून पाठवली होती. नववी ओळ, कार्ड एकतीस. ती स्वतः.

ऑफिसात बसून शिसं येणार कुठून? कारखान्याच्या धुलाईत कपडे हरवतात, म्हणून नवऱ्याचे कामाचे कपडे घरी आणायचा हट्ट तिचाच. तो नको नको म्हणत होता. गेले पाच महिने ती ते झटकून झटकून हातानं धुवत होती. आपलं काय व्हायचं ते होवो, पण मुलगी? तीन वर्षांची मुलगी कुठल्याच ओळीत नव्हती. तिचं रक्त कुणी तपासलंच नव्हतं.

तिनं लगेच सासूबाईंना फोन लावला.

"आई, पिल्लू काय करतंय?"

"काय करणार? धुण्याच्या ढिगातून बापाचा शर्ट काढून पांघरून बसलीय. मघापासून बाही चोखतेय. काढायला गेलं की किंचाळते. बाबाची लाडकी ना!"

"आई, ओढून काढा तो!" ती इतक्या जोरात ओरडली की मोठ्या बाई उठून उभ्या राहिल्या. "रडली तर रडू दे तिला. आधी तो शर्ट काढा!"