पावाला वाईट वाटू नये म्हणून

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि एक खोली मनात आणा. लांबट, अंधारी. खिडकी एकच, तीही वाफेने धुरकटलेली. इस्त्रीची दोन टेबलं, पलीकडे घरघरणारं धुण्याचं मशीन आणि कोपऱ्यात हॉटेलांच्या पांढऱ्या चादरींचा डोंगर, उपसावा तेवढा वाढणारा. आता या खोलीत बसायला काही मिळतंय का, शोधा बघू. नाही ना सापडत? स्टुलं मालकाने केव्हाच उचलून नेली होती. बसलेला माणूस सुस्तावतो, असं त्याचं म्हणणं. इस्त्री टेकवायला लोखंडी जाळी होती, पण माणसाला टेकायला काही नव्हतं.

त्या खोलीत एक इस्त्रीवाला काम करायचा. तो ज्यू होता. शुक्रवारी सूर्य मावळला की ज्यूंच्या घरी शब्बाथ लागतो. शब्बाथ म्हणजे विसाव्याचा दिवस. शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत कामाला हात लावायचा नाही. म्हणून इस्त्रीवाला शनिवारी सुट्टी घ्यायचा आणि रविवारी राबायचा.

एका शुक्रवारी तो पाय ओढतच घरी आला. बायकोने मेणबत्त्या लावल्या होत्या. टेबलावर दोन पाव ठेवले होते आणि त्याची मुलगी त्यांच्यावर पांढरा रुमाल पसरत होती. बोलण्यात ती कुणाला हार जायची नाही, म्हणून घरात तिचं नावच पडलं होतं वकीलबाई.

"आज अगदीच गप्प?" बायकोने विचारलं.

"मावशीला मालकाने फैलावर घेतलं. सगळ्यांसमोर."

मावशी म्हणजे त्याच्यासोबत चादरींच्या घड्या घालणारी बाई. मोठ्या चादरीची घडी एकट्याने होत नाही. दोन टोकं त्याने धरायची, दोन तिने, आणि एकमेकांकडे चालत यायचं. अशी कित्येक वर्षं ती दोघं चालत आली होती. हल्ली मावशीचा गुडघा सुजून भोपळा झाला होता. त्या दुपारी ती जरा ढिगावर टेकली आणि नेमका मालक दारात. "चादरींचा पलंग केलास काय? पुन्हा बसलेली दिसलीस तर कामावर यायचं नाही!"

"मग मावशी काय म्हणाली?" वकीलबाईने विचारलं.

"काय म्हणणार? मान खाली घातली आणि उठली."

वकीलबाईचा हात रुमालावरच थांबला. "बाबा, आपण पाव का झाकतो?"

"तुला माहीत आहे की."

"तुम्ही सांगा."

इस्त्रीवाल्याने सुस्कारा सोडला. "आधी द्राक्षरसाच्या पेल्यावर आशीर्वाद म्हणायचा, पावाचा नंबर नंतर. आपल्याला मागे ठेवलं म्हणून पावाला चारचौघांत वाईट वाटू नये, म्हणून झाकायचा."

"पण पावाला कुठे कळतं?"

"ते पावासाठी नसतंच गं. आपल्याला सवय लागावी म्हणून असतं."

"मग मावशीला वाईट वाटलं तेव्हा तुम्ही काय केलं?"

मेणबत्तीची वात तडतडली. "इस्त्री करत होतो," तो म्हणाला.

"वकीलबाई, जेवू दे त्यांना," आई म्हणाली. पण त्याने ताट बाजूला सारलं. शनिवारचा सगळा दिवस तो पडून राहिला. पाय थोडे हलके झाले, मन नाही.

रविवारी मालक यायच्या आधी त्याने विषय काढला. "मावशीला एक स्टूल मागू या. एकटा बोललो तर मला हाकलतील. सगळे बोललो तर..."

"तर सगळ्यांना हाकलतील," दुसऱ्या टेबलावरचा लंबू म्हणाला.

"आणि मग एवढ्या चादरी धुणार कोण? त्याची सासू?" मशीन चालवणारे काका म्हणाले. हसायलाही कुणाच्या अंगात जीव नव्हता, तरी सगळे हसले.

"माझ्यापायी कुणी स्वतःच्या पोटावर पाय मारून घेऊ नका रे," मावशी म्हणाली. "माझं निभतंय." पण हे बोलताना तिने टेबल घट्ट धरलं होतं.

दुपारी मालक आला. इस्त्रीवाल्याने इस्त्री जाळीवर ठेवली. "मालक, मावशीला एक स्टूल हवंय. माझी इस्त्री होईपर्यंत बसेल, घडी घालायला उठेल."

"आणि तुला काय, उशी हवी? कामाला लाग!"

तो लागला नाही. शूर वगैरे त्याला काही वाटत नव्हतं. हात मात्र त्याने इस्त्रीपासून दूरच ठेवले. तेवढ्यात शेजारी खट्ट आवाज झाला. लंबूनेही इस्त्री जाळीवर ठेवली होती. "मेलो आता," तो पुटपुटला, पण इस्त्री परत उचलली नाही. मग पलीकडची घरघर थांबली. काकांनी मशीन बंद केलं होतं.

"अरे, संध्याकाळी हॉटेलांना माल जायचाय!" मालक ओरडला.

मालकाने ढिगाकडे पाहिलं, मावशीच्या गुडघ्याकडे पाहिलं, पुन्हा ढिगाकडे पाहिलं.

"माझ्याकडे स्टूल नाही," तो शेवटी गुरकावला.

"आमच्याकडे आहे!"

दारात वकीलबाई उभी होती. रविवारी बाबांचा डबा तीच आणायची. आज एका हातात डबा होता आणि डोक्यावर, पाय वर केलेलं, स्वयंपाकघरातलं स्टूल. मालकाच्या शेजारून ती सरळ आत आली आणि तिने ते मावशीच्या मागे ठेवलं.

मावशी बसेना. ती मालकाच्या तोंडाकडे बघत राहिली. मालक खिडकीकडे वळला. मग मावशी हळूच टेकली आणि तिने इतका लांब श्वास सोडला की जणू कित्येक वर्षं तो कोंडूनच ठेवला होता. इस्त्रीवाल्याने इस्त्री उचलली. लंबूनेही उचलली. मशीन पुन्हा घरघरू लागलं.

वकीलबाई मात्र जागची हलली नाही. तिने लंबूच्या पायांकडे पाहिलं, काकांच्या पायांकडे पाहिलं, बाबांच्या पायांकडे पाहिलं. मग डबा खिडकीत ठेवला आणि घराकडे धूम ठोकली. घरात अजून तीन स्टुलं होती.